खुल्या लहरींची शेजपाळी
शेतातील बिनतारी यंत्रे आणि त्यांचा एकमेकांना होणारा व्यत्यय
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पाणी, खत आणि वाण यांविषयी आपण या व्यासपीठावरून नेहमीच बोलतो. आज पाणी सोडण्याचा निरोप ज्या लहरींवरून जातो, त्या लहरींविषयी बोलावयाचे आहे. विषय थोडा वेगळा वाटेल; परंतु ज्यांनी शेतात ओलावा मोजणारे सेन्सर, बिनतारी व्हॉल्व्ह किंवा छोटे हवामान केंद्र बसविले आहे, त्यांना तो लगेच आपला वाटेल.

आपल्या विद्यापीठात राहुरी येथे हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाच्या 'कास्ट' प्रकल्पात सेन्सर, ड्रोन आणि स्वयंचलित सिंचन यांवर काम झाले. शेजारी बारामतीला कृषी विकास ट्रस्टने उसासाठी सेन्सर व कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग शेतकऱ्यांच्या शेतापर्यंत नेला. संगमनेर, राहाता भागातील डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांतही ही यंत्रे दिसू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. परंतु तिच्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते. 'पहिल्या वर्षी यंत्र उत्तम चालले. पुढे आजूबाजूला आणखी चार जणांनी बसविले, आणि आता निरोप मध्येच गहाळ होतात. व्हॉल्व्ह बंद कर म्हटले तरी तो उघडाच राहतो.'

पोसलेल्या कांद्यात रात्रभर पाणी राहिले तर काय होते, हे तुम्हाला सांगावयास नको. विहिरीचे पाणी तुटले आणि मोटार बंद करण्याचा निरोप पोहोचला नाही, तर मोटार जळते. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि यंत्र अडगळीत पडते. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. लहरींच्या रस्त्यावर गर्दी झालेली असते आणि त्या गर्दीला शिस्त नसते. ही शिस्त कशी लावावयाची, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

खुली लहर म्हणजे गायरान

आपल्या देशात बिनतारी यंत्र वापरावयाचे तर परवाना लागतो, हा १९३३ च्या कायद्यापासूनचा नियम. मोबाईल कंपन्या लिलावात पैसे मोजून ठराविक पट्टा घेतात आणि त्या पट्ट्यात दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. शेतातील छोट्या यंत्रांना हे परवडणारे नाही. म्हणून २००५ मध्ये केंद्र सरकारने काही पट्टे परवान्याविना खुले केले. त्यांतील दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. तो २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढविला गेला. २००५ च्या नियमात येथे प्रक्षेपकाची शक्ती १ वॉटपर्यंत आणि अँटेना धरून प्रभावी शक्ती ४ वॉटपर्यंत ठेवली होती. दुसरा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. वायफाय आणि ब्लूटूथ येथेच चालतात. त्याच्या २००५ च्या नियमातील एक शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. जास्तीत जास्त १ वॉट शक्ती वापरा, पण ती १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्ट्यावर पसरून वापरा, असे तो नियम सांगतो.

या सवलतीला अट आहे. तुमच्या यंत्राने परवानाधारकाला व्यत्यय आणावयाचा नाही. दुसऱ्याकडून तुम्हाला व्यत्यय झाला तर संरक्षण मागता येणार नाही. आणि पट्टा सर्वांनी सामाईक वापरावयाचा. म्हणजे तो गावच्या गायरानासारखा आहे. जनावर चारावयास कोणाची ना नाही, परंतु दुसऱ्याच्या जनावरांनी गवत संपविले म्हणून फिर्यादही करता येत नाही. येथे राखण करावयाची ती आपली आपणच.

कमी शक्ती, रुंद पट्टा

आता हे तंत्र चालते कसे ते पाहू. पाइपाच्या तोंडातून जोराने सोडलेले पाणी एका जागी माती उकरते. तेच पाणी तुषार सिंचनाने पसरून दिले तर कोठेच धार लागत नाही, एकूण पाणी मात्र तेवढेच पडते. जुना बिनतारी संच आपली सगळी शक्ती एका अरुंद वारंवारतेवर ओततो. रुंद पट्ट्याचे यंत्र तीच किंवा त्याहून कमी शक्ती मोठ्या पट्ट्यावर पातळ पसरते. दुसऱ्याला ती साध्या खरखरीएवढी वाटते. ज्या ग्राहक यंत्राला पसरण्याची पद्धत, म्हणजेच सांकेतिक खूण ठाऊक आहे, ते मात्र विखुरलेले थेंब गोळा करून निरोप जुळवते.

शेतातील सेन्सरमध्ये आजकाल 'लोरा' नावाचे तंत्र पुष्कळ वापरतात. त्यात लहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शीळ चढत जावी तशी सरकत जाते. ही शीळ जेवढी सावकाश, तेवढी ती दुरून ओळखू येते. सर्वांत सावकाश वेगावर निरोपाची शक्ती गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाएवढी असली तरी तो ओळखता येतो. यामुळेच लहान बॅटरीवर चालणारे यंत्र काही किलोमीटरवर निरोप पोहोचवू शकते.

काष्टीचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना लवकर पटेल. तेथे एवढा कालवा असतो, तरी रुमालाखाली बोटे धरून शेकडो सौदे एकाच वेळी होतात. प्रत्येक जोडीची खूण तिच्यापुरती असते आणि ती शेजारच्याला त्रास देत नाही. परंतु दोन व्यापाऱ्यांनी एकाच शेतकऱ्याचा हात एकाच वेळी धरला, तर काय होईल? खुल्या लहरींवर नेमकी हीच अडचण येते.

निरोपांची टक्कर : थोडा हिशोब

१९७१ मध्ये हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक बिनतारी लहरींनी जोडले. या व्यवस्थेचे नाव 'अलोहा'. तिचा नियम अगदी साधा होता. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे; टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे. या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळच उपयोगी लागतो, हे गणिताने सिद्ध झाले. पुढे वेळेचे ठराविक वाफे पाडून प्रत्येकाने वाफ्याच्या सुरुवातीलाच बोलावयाचे असे ठरविले, तेव्हा ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३७ टक्के झाली. पाणी तेवढेच, रान तेवढेच, फक्त बांध घातल्याने भिजवण दुप्पट झाली असे समजा. आपल्या शेतातील बहुतेक साधे सेन्सर अजूनही पहिल्याच पद्धतीने, म्हणजे मनाला येईल तेव्हा बोलतात.

आता आपल्या गावाचा हिशोब मांडू. समजा, एका शिवारात १०० सेन्सर एकाच चॅनेलवर आहेत. प्रत्येक जण दर १५ मिनिटांनी एक छोटा निरोप पाठवतो आणि सर्व जण सर्वांत सावकाश वेगावर आहेत. या वेगाने २५ अक्षरांचा निरोप सुमारे दीड सेकंद हवेत राहतो. अलोहाच्या सूत्राने पाहिले तर १०० पैकी सुमारे २८ निरोप टकरीत जातात. सेन्सर ३०० झाले की ६३ जातात. पहिल्या वर्षी चांगले चाललेले यंत्र पुढे का बिघडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. यंत्र तेच आहे, शेजारी वाढले आहेत.

उपाय केल्यास काय होते तेही पाहा. तेच १०० सेन्सर दर तासाला एकदाच बोलले, तर १०० पैकी केवळ ८ निरोप जातात. तासाला एकदा आणि तेही तीन चॅनेलवर वाटून बोलले, तर ३ सुद्धा जात नाहीत. आणि मुख्य केंद्र जवळ असल्याने सर्वांत जलद वेग वापरता आला, तर तोच निरोप सेकंदाच्या सहा शतांश भागात उरकतो; मग एका चॅनेलवर, दर १५ मिनिटांनी बोलूनही १०० पैकी एखादाच निरोप गहाळ होतो. शिवाय हवेतील वेळ सुमारे चोवीसपट कमी झाल्याने निरोप पाठविण्यावरील बॅटरीचा खर्चही त्याच प्रमाणात घटतो. प्रत्यक्ष शेतात जोरदार निरोप कधी कधी टकरीतूनही वाचतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. दिशा मात्र हीच राहील.

येथे कृषिविद्येचा संबंध येतो. ओलाव्याचा आकडा दर पाच मिनिटांनी कशाला हवा? आपल्या मध्यम ते भारी काळ्या जमिनीत मुळांच्या थरातील ओलावा इतक्या झपाट्याने बदलत नाही. ठिबक एक दिवसाआड चालणार असेल, तर तासाला एक नोंद भरपूर झाली. पाइपातील दाब अचानक घसरला, पाऊस सुरू झाला, मोटारीने पाणी ओढणे थांबविले, अशा घटना घडतील तेव्हाच यंत्राने लगेच बोलावे. नोंदी किती वेळाने घ्यावयाच्या हे पीक आणि जमीन ठरवतात. विक्रेत्याने मोबाईलवर दाखविलेली हलती रेघ ते ठरवत नाही.

वीज आली की सगळे एकदम

टकरीचा आणखी एक प्रकार आपल्या भागात विशेष दिसतो. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. वीज आली की त्या फीडरवरील बिनतारी नियंत्रक एकाच क्षणी जागे होतात आणि 'मी सुरू झालो' हा निरोप एकाच क्षणी पाठवतात. सर्वांचे निरोप आदळतात. उत्तर आले नाही म्हणून सर्व जण ठराविक दहा सेकंद थांबून पुन्हा एकदम पाठवतात आणि पुन्हा आदळतात.

ऑटोस्विचचे हेच दुखणे आहे. वीज आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर भार येतो आणि डीपी जळते. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढण्याचे आवाहन करीत आले आहे. लहरींसाठीही उपाय तोच. प्रत्येक यंत्राने वीज आल्यानंतर वेगवेगळा वेळ थांबून बोलावे. आणि निरोप पोहोचला नाही तर पुढचा प्रयत्न आणखी लांब व अनियमित अंतराने करावा. यंत्र घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, 'वीज आल्यावर हे यंत्र किती वेळाने बोलते आणि तो वेळ दरवेळी बदलतो का?' चांगल्या यंत्रात ही सोय असते.

मोठ्याने बोलणे हा उपाय नव्हे

निरोप गहाळ होऊ लागले की पहिला विचार मनात येतो तो शक्ती वाढविण्याचा. मोठी अँटेना लावा, जास्त वॉटचे यंत्र आणा. एकट्यापुरता याचा फायदा दिसतो. पण शेजारीही तेच करतो, मग आपण आणखी वाढवतो. विहीर आटली म्हणून बोअर घेतले, त्याचे आटले म्हणून शेजाऱ्याने त्याहून खोल घेतले, ही शर्यत आपण पाहिली आहे. तिचा शेवट काय होतो हे जिल्ह्यातील पठारी गावांना विचारावे.

यामागे शास्त्रीय कारणही आहे. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की पोहोचणारी शक्ती शंभरपट घटते. मुख्य केंद्रापासून ५० मीटरवरचा सेन्सर आणि ५०० मीटरवरचा सेन्सर सारख्याच शक्तीने बोलले, तर जवळच्याचा आवाज शंभरपट मोठा ऐकू येतो आणि दूरच्याचा त्याखाली बुडतो. खुणा वेगळ्या असल्या तरी एवढा फरक सोसवत नाही. बिनतारी अभियंते याला जवळ-दूरचा प्रश्न म्हणतात.

हा प्रश्न एका तंत्राने सोडविला होता आणि ते तंत्र आपण सर्वांनी वापरले आहे. २००० नंतरच्या दशकात खेड्यापाड्यांत रिलायन्स आणि टाटाचे सीडीएमए फोन आले होते. त्यांत अनेक जण एकाच वेळी, एकाच रुंद पट्ट्यावर बोलत. प्रत्येकाची खूण तेवढी निराळी असे. मनोरा प्रत्येक फोनला 'आवाज वाढव', 'आवाज कमी कर' अशी आज्ञा सेकंदाला ८०० वेळा देत असे. जवळच्याने कुजबुजावे, दूरच्याने जरा मोठ्याने बोलावे, म्हणजे मनोऱ्याला सर्वांचे आवाज सारखे ऐकू येतात. ते फोन पुढे बंद झाले, परंतु धडा कायम आहे. निरोप पोहोचेल एवढीच शक्ती वापरावी, त्याहून जास्त नको. लोरा यंत्रांतही मुख्य केंद्राकडून सेन्सरचा वेग आणि शक्ती आपोआप जुळविण्याची सोय असते. ती बसविणाऱ्याकडून चालू करून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी ती बंदच राहते.

याच्याही पुढचे तंत्र अतिरुंद पट्ट्याचे आहे. अमेरिकेने २००२ मध्ये ३१०० ते १०६०० मेगाहर्ट्झ एवढा प्रचंड पट्टा अत्यंत क्षीण शक्तीसाठी खुला केला. त्यात अब्जांश सेकंदाएवढे छोटे ठोके पाठवतात. प्रत्येक यंत्र आपले ठोके ठरलेल्या पण अनियमित दिसणाऱ्या वेळी देते, त्यामुळे दोन यंत्रांचे ठोके क्वचितच जुळतात. आणि एखादा जुळला तरी बाकीच्या ठोक्यांवरून निरोप उभा राहतो. परदेशात मोठ्या गोठ्यांत कोणती गाय कोठे उभी आहे हे ओळखण्यासाठी ते वापरले जाते. तत्त्व मात्र तेच आहे. हळू बोला, थोडे बोला, आपल्या खुणेने आणि आपल्या वेळी बोला.

ठिणगीचा गोंगाट आणि खोडदची दुर्बीण

व्यत्यय नेहमी दुसऱ्या बिनतारी यंत्राचाच असतो असे नाही. जेथे ठिणगी उडते तेथे रुंद पट्ट्यावर गोंगाट उठतो. बिनतारी संदेशाची सुरुवातच मुळी ठिणगीने झाली. त्या काळी एक जहाज बोलू लागले की आसपासच्या सर्वांची बोलणी अडत. आपल्या शेतात ठिणगी कोठे उडते? स्टार्टरचे झिजलेले कॉन्टॅक्ट, खांबावरील ढिले जोड, तडकलेले चिनीमातीचे इन्सुलेटर, तारेला टेकलेली फांदी, आणि रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन. झटक्याच्या तारेला गवत टेकले की सेकंदासेकंदाला ठिणगी उडते. ठिणगी सेन्सरजवळ असेल, तर त्याचा क्षीण निरोप त्या आवाजात हरवू शकतो.

याचे मोठे उदाहरण आपल्या पारनेर तालुक्याच्या शेजारी आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी त्या ऐकतात. त्यांना त्रास देणाऱ्या गोष्टींत विजेच्या तारांवरील ठिणग्या ही एक मोठी बाब आहे. तेथील अभियंते असे खांब शोधून काढतात आणि वीज मंडळाच्या मदतीने ते जोड दुरुस्त करवून घेतात. याशिवाय, क्षणभर उसळणारा ठोका नेहमीच्या पातळीहून फारच वर गेला की तो तेवढाच ओळखून काढून टाकणारी यंत्रणाही त्यांनी बसविली आहे. शेतातील दगड वेचून बाहेर टाकावे तसे हे काम चालते. या दुर्बिणीला बाधा येईल या कारणावरून पुणे-नाशिक रेल्वेच्या नारायणगावकडील मार्गाला आक्षेप घेतला गेला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. लहरींची शांतता ही केवढी मोलाची गोष्ट आहे, हे त्यावरून कळते.

आपल्याला एवढी मोठी यंत्रणा नको. जुना मध्यमलहरींचा ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. तो दोन केंद्रांच्या मध्ये लावून स्टार्टर, झटका मशीन आणि कुंपणाजवळून फिरवा. जेथे कडकड वाढते, तेथे ठिणगी आहे असे समजावे. स्टार्टर व झटका मशीन स्वतःचे असेल तर ते दुरुस्त करावे. खांबावरचा जोड असेल तर वायरमनला कळवावे. स्वतः खांबावर चढू नये.

ऊस आणि अँटेना

पिकाचाही विचार हवा. पानांतील पाणी लहरी शोषते आणि वारंवारता जेवढी जास्त तेवढा हा त्रास जास्त. जूनमध्ये लहान उसात उत्तम चाललेला वायफायवरचा सेन्सर ऑक्टोबरात मुका होतो, याचे कारण हेच. तोवर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पाने भिजलेली असतात. अशा पिकासाठी २४०० ऐवजी ८६५ मेगाहर्ट्झचे यंत्र घ्यावे आणि अँटेना पूर्ण वाढलेल्या उसाच्याही वर राहील एवढ्या उंच नळीवर बसवावी. अँटेना उंच असली की निरोप सावकाश पाठवावा लागत नाही; तो लवकर उरकतो आणि शेजाऱ्यालाही जागा होते. अँटेना दोन हात वर नेणे हे शक्ती वाढविण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

परदेशी पट्ट्याची यंत्रे

खरेदी करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. बाजारात आणि घरपोच विक्रीत ९१५ मेगाहर्ट्झची यंत्रे मिळतात. तो अमेरिकेतील खुला पट्टा आहे. आपल्याकडे त्याच भागात मोबाईल फोनच्या लहरी आहेत. युरोपातील यंत्रे बहुधा ८६८ च्या किंचित पुढे बोलतात. आपला खुला पट्टा ८६८ वर संपतो आणि ८६९ पासून मोबाईल मनोऱ्यांच्या लहरी सुरू होतात. असे यंत्र लावले तर नियमभंग होतो आणि गावातील फोनलाही बाधा येऊ शकते. घरावर लावलेला बेकायदा मोबाईल बूस्टर हाही त्यातलाच प्रकार. यंत्रावर भारतातील पट्टा लिहिलेला आहे का आणि त्याला दूरसंचार विभागाची मान्यता आहे का, हे पावती घेण्यापूर्वी पाहावे.

काही स्वस्त रिमोटमध्ये कारखान्याने सर्व नगांना एकच खूण दिलेली असते. मग एकाने बटण दाबले की शेजाऱ्याचाही व्हॉल्व्ह उघडतो. ज्यात खूण बदलता येते किंवा प्रत्येक नगाची वेगळी असते, तेच रिमोट घ्यावे.

गावाने करावयाचे काम

आतापर्यंत सांगितले ते एकेकट्याने करावयाचे. परंतु सामाईक वस्तूची राखण एकट्याने होत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, तेव्हापासून प्रवरेच्या लाभक्षेत्राला पाण्याच्या पाळीचा सराव आहे. शेजपाळी म्हणजे काय, हे येथे मुलालाही कळते. ज्याची पाळी त्याने दार उघडावे, वेळ झाली की बंद करावे, शेपटाकडच्याचे पाणी मुखाकडच्याने तोडू नये. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना या व्यवस्थेत अधिकृत स्थान दिले. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर गावानेच बंदी घातली. म्हणजे सामाईक वस्तू आपसांत नियम करून कशी टिकवावी, हे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्याने शिकवावयास नको. तीच रीत लहरींना लावावयाची आहे.

पाणी वापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणीही एक साधी नोंदवही ठेवावी. कोणाच्या शेतात कोणत्या पट्ट्याचे यंत्र आहे, ते कोणत्या चॅनेलवर आणि किती वेळाने बोलते, एवढेच तीत लिहावे. नवे यंत्र बसविणाऱ्याने ती वही पाहून रिकामा चॅनेल घ्यावा. आणखी चांगले म्हणजे प्रत्येकाने स्वतःचे मुख्य केंद्र उभारण्याऐवजी शिवाराच्या उंच जागी सामाईक केंद्र बसवावे. दहा शेतकऱ्यांची दहा केंद्रे एकमेकांची भाषा न कळता ओरडत राहतात. एक सामाईक केंद्र सर्वांना वेग, शक्ती आणि वेळ वाटून देऊ शकते. खर्चही वाटला जातो.

थोडक्यात शिफारशी

१. ओलाव्याची नोंद तासाला एकदा पुरे. तातडीचा निरोप घटना घडल्यावरच पाठवावा.

२. यंत्रे तीन किंवा अधिक चॅनेलवर वाटून द्यावीत. सर्व यंत्रे सर्वांत सावकाश वेगावर ठेवू नयेत.

३. वेग व शक्ती आपोआप जुळविण्याची सोय चालू ठेवावी. शक्ती वाढविण्यापूर्वी अँटेना उंच करून पाहावी.

४. वीज आल्यावर प्रत्येक यंत्राने वेगवेगळा वेळ थांबून बोलावे, अशी मांडणी करून घ्यावी.

५. स्टार्टर, कुंपण आणि जोड यांतील ठिणग्या बंद कराव्यात. झटक्याच्या तारेखालील गवत काढावे.

६. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचे, मान्यता असलेले यंत्रच घ्यावे.

७. गावात लहरींची नोंदवही ठेवावी.

८. व्हॉल्व्हला वेळेची मर्यादा घालावी. बंद करण्याचा निरोप आला नाही तरी ठरलेल्या वेळेनंतर तो आपोआप बंद झाला पाहिजे. मोटारीला पाणी तुटल्यास बंद पाडणारे संरक्षण तारेने जोडलेले असावे. ते लहरींवर अवलंबून नसावे.

ही शेवटची शिफारस सर्वांत महत्त्वाची आहे. खुल्या लहरींवर निरोप पोहोचण्याची हमी कोणीही देत नाही, कायदाही देत नाही. म्हणून निरोप आला नाही तरी पीक आणि मोटार सुरक्षित राहील, अशीच जोडणी करावी. मग निरोप येईल तेव्हा त्याचा फायदा घ्यावा.

आपल्या शिवारावरून जाणाऱ्या या लहरी दिसत नाहीत, त्यांचा सातबाराही निघत नाही. पण त्यांचा उपयोग आता पाण्याइतकाच खरा आहे. आज यंत्रे थोडी आहेत, तोवरच पाळी ठरविणे सोपे आहे. गर्दी झाल्यावर भांडणे मिटवीत बसण्यापेक्षा येत्या रब्बीपूर्वी आपल्या गावात एक बैठक घ्या, नोंदवहीचे पहिले पान लिहा. यंत्रांची मांडणी तपासण्यासाठी आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा विद्यापीठाशी संपर्क साधावा.